गिटारची गुरगुर आणि होडीचा नांगर

आमच्या मामाला अर्धंच वाक्य बोलायची सवय आहे, असं लोक म्हणायचे. खरं तर सवय लोकांना होती, त्याचं उरलेलं अर्धं वाक्य बोलून टाकायची. मामा बोलताना अडखळायचा. एखाद्या शब्दापाशी आला की थांबायचा, ओठ जुळवायचा, आणि तो शब्द बाहेर पडायच्या आत समोरचा माणूस स्वतःचाच एखादा शब्द त्याच्या गळ्यात मारायचा. वाण्याच्या दुकानात तो "मला जरा..." एवढं म्हणेपर्यंत वाणी रवा बांधून मोकळा झालेला असायचा. मामाला हवी असायची तूरडाळ. पण भिडस्त माणूस, रवा घेऊन निमूट घरी यायचा. त्या काळी आमच्याकडे उपमा वरचेवर व्हायचा, त्यामागचं कारण हे.

बाबांचं पालघरला स्टेशनाजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. मॅट्रिक झाल्यावर मी दुकानात बसायला लागले. मुलीच्या जातीने डाख लावत बसणं शेजारणींना रुचायचं नाही, पण मला सुईत दोरा ओवण्यापेक्षा तारेला तार जोडणं आवडायचं आणि मी तसं तोंडावर सांगायची. मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम जोरात चाललं होतं. तिथे तो स्टोअरमध्ये कारकून होता, सालवडला खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला आमच्याकडे यायचा. पस्तिशी उलटली तरी लग्नाचा पत्ता नव्हता. मुली बघायला जायचा, पण तिथेही त्याच्या वतीने आईच बोलायची, आणि परत येताना तो इतका गप्प असायचा की मला आईचा राग यायचा.

एका सुट्टीला तो आला तो बगलेत एक लांबोडकं खोकं घेऊन. प्रकल्पावरचा एक परदेशी साहेब मायदेशी परत निघाला होता, त्याने जाताना आपली मोडकी इलेक्ट्रिक गिटार मामाला देऊन टाकली होती. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ही गिटार. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हातात बोटाएवढी गुळगुळीत स्टीलची दांडी धरून ती तारांवरून सरकवायची. सालवडला शेजारच्या खोलीत राहणाऱ्या गोव्याच्या फिटरने मामाला ती वाजवायला शिकवलं होतं. विजेशिवाय ती अगदीच मुकी वाटायची, डासाने कानाशी गुणगुणावं तेवढाच आवाज. तरी मामाने खाटेवर बसून आम्हाला एक चाल वाजवून दाखवली. मधे एका जागी तो थांबला. मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण त्या थांबण्यात घाबरणं नव्हतं. दांडी तारांवरून उचललेली, डोळे मिटलेले, आणि मग आपल्याला हवं तेव्हा त्याने पुढचा सूर लावला. तिथे त्याला कोणी रवा बांधून देऊ शकत नव्हतं. ही गिटार दुरुस्त झालीच पाहिजे असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

गिटारच्या तारांखाली एक चपटी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. वर तार थरथरली की खालच्या गुंडाळीत तेवढी वीज उठते, ती ॲम्प्लिफायरमध्ये जाते आणि मोठी होऊन बाहेर येते. आमची डबी उघडली तर आतली तार हिरवी पडलेली. समुद्राच्या खाऱ्या हवेने खाऊन टाकली होती. नवीन गुंडाळी करायची तर ती हातांनी कशी करणार? मी आईच्या शिलाई मशीनला हात घातला. बॉबिन भरायच्या चाकावर डबीचा गाभा बसवला, पायाने पायडल हळूहळू मारायचं आणि बोटांच्या चिमटीतून तार सोडायची. कितीदा तरी तुटली. दर वेळी मी मशीनला शिव्या दिल्या आणि दर वेळी आईने मला.

गुंडाळी झाली, आवाज आला, पण आवाज वाढवला की गिटार किंचाळायची. तारेला हातसुद्धा न लावता किंचाळायची. बाबा म्हणाले, गुंडाळी आत सैल आहे, वेढे हलतात, त्यांना मेणाने जखडायला हवं. बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरलेली एक बाई मध विकायला बसायची. तिच्याकडून मेणाचा गोळा आणला, वितळवला आणि पिकअप त्यात बुडवून काढला. किंचाळणं बंद झालं. घरभर मात्र मधाचा वास सुटला, आणि मामा मुंग्या झटकत वाजवायला बसला.

ॲम्प्लिफायर बाबांनी एका जुन्या व्हॉल्वच्या रेडिओतून उभा केला होता. उघड्या स्पीकरमधून गिटार अगदी किरटी वाजायची. स्पीकरला खोकं हवं, जाड लाकडाचं आणि पोट मोठं असलेलं. असं खोकं घरात एकच होतं, आईची तांदळाची सागवानी पेटी. बाबांनी तिच्यावर नजर टाकली मात्र, आई पेटीवर जाऊन बसली. "भावाचं लग्न जमायचं तर त्याला काहीतरी येतं हे दिसायला नको का?" असं बाबा म्हणाले तेव्हा कुठे ती उठली. तांदूळ डब्यांत गेले आणि पेटीच्या पोटाला गोल भोक पडलं. काय आवाज लागला! भरदार, गोल, खालच्या सुराला पोटात जाणवेल असा. फक्त अधूनमधून खरखर यायची. दोन सुट्ट्या आम्ही व्हॉल्व बदलत बसलो. शेवटी आईने वाकून पेटीत बघितलं आणि स्पीकरच्या कागदावर नाचणारे तांदळाचे दाणे वेचून काढले. नंतर कितीतरी दिवस ती ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

मग उरली गुरगुर. हिने आमचा खरा अंत पाहिला. मामाची दांडी तारांवर टेकलेली असे तोवर ती दबून राहायची. त्याने थांब्यासाठी दांडी उचलली, तारांना हात नाही असं झालं, की लगेच पेटीतून घुर्रर्र सुरू. म्हणजे नेमकी त्याच्या थांब्यात. एवढं सगळं करून आम्ही त्याला एक असं वाद्य दिलं होतं जे त्याचं वाक्य मधेच तोडत होतं. मामाने थांबे घेणं सोडलं, एका सुरातून दुसऱ्यात घाईघाईने घसरायला लागला, आणि चालीतला सगळा जीवच गेला. मला इतकं वाईट वाटलं की मी जेवले नाही.

बाबा शांतपणे एकेक करत गेले. गिटार हातात धरून खोलीत गोल फिरायचे. दिव्याकडे तोंड केलं की गुरगुर जास्त, पाठ केली की कमी. म्हणजे काही भाग हवेतून पिकअपमध्ये शिरतोय. वाण्याकडून चहाची रिकामी पेटी मागून आणली, तिच्या आतला चंदेरी पत्रा सोलला आणि गिटारच्या पोटात पिकअपभोवती अस्तर लावावं तसा लावला. त्या अस्तराला एक तार, गिटारच्या सगळ्या तारा जिथे अडकवल्या होत्या त्या पट्टीला एक तार, दोन्ही एकत्र करून ॲम्प्लिफायरच्या सांगाड्याला, आणि सांगाड्यापासून जाड तार अंगणातल्या अर्थिंगच्या पाइपला. पाइप मोरीच्या बाहेर, मीठ आणि कोळसा घालून पुरलेला. आमची भांडी घासलेलं पाणी दिवसभर त्याच्यावरून वाहायचं. फुकट जाणारी वीज ओल्या जमिनीत निघून गेली. मामाने दांडी उचलली आणि पेटी गप्प राहिली. बाहेर मालगाडीचा डबा आपटल्याचा आवाज आला तोही स्वच्छ ऐकू आला. मामा डोळे मिटून हसला. मी आनंदाने ओरडलेच.

त्याच सुमारास दातिवऱ्याहून एक स्थळ आलं. मुलगी आमच्याच समाजातली, वडिलांच्या मासेमारीच्या होड्या, आणि ती स्वतः पालघरच्या दवाखान्यात नर्स. तिशीची असेल. तिने वडिलांकडून निरोपच पाठवला होता. "आजवर चहाचा ट्रे घेऊन मी पुष्कळांसमोर आले, आता मुलाने आमच्या घरी यावं. तो गिटार वाजवतो असं ऐकलंय, ती वाजवून दाखवावी." आई म्हणाली, "ही कुठली पद्धत?" मी म्हटलं, "बरी पद्धत आहे." मामाने मात्र पुढच्या सुट्टीपर्यंत दाढीला नवीन ब्लेड आणून ठेवलं होतं.

एसटीच्या टपावर तांदळाची पेटी, मांडीवर गिटार आणि खिडकीशी आई, अशी आमची वरात दुपारी दातिवऱ्याला पोचली. खाडीच्या काठाला त्यांचं घर. अंगणात झावळ्यांचा मांडव घातलेला, खालची वाळू झाडून स्वच्छ केलेली, आणि मामासाठी मधोमध पाट मांडलेला. पाहुण्याचा मान म्हणून त्याला खाडीकडे तोंड करून बसवलं होतं. ओहोटी होती, होड्या दूर चिखलात कलंडल्या होत्या. अर्धं गाव लोटलं होतं. मुलगी ओट्यावर खांबाला टेकून उभी. सावळी, उंच, आणि नजर दवाखान्यातल्यासारखी, कुठे दुखतंय ते आधीच बघणारी. मला ती बघताक्षणी आवडली आणि ती आपल्याकडे यावी असं फार वाटलं, म्हणून मी जास्तच घाबरले.

गावात वीज नुकतीच आली होती. बाबांनी भिंतीच्या सॉकेटमध्ये तीन पिनांचा प्लग खोचला, व्हॉल्व तापले, मामाने तार छेडली. दोन सूर छान आले. मग त्याने थांब्यासाठी दांडी उचलली.

घुर्रर्र.

पोरं खिदळली. मामाचे कान लाल झाले. बाबांनी मेन स्विच पाडला आणि सॉकेट उघडलं. तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं. त्याच्यामागे तारच नव्हती. घराला अर्थिंग म्हणून नव्हतंच. आमच्या मोरीच्या पाण्याच्या जिवावर आम्ही जिंकलो होतो, आणि इथे खाली कोरडी ठणठणीत वाळू.

मामा बाबांच्या कानाशी लागला. "भावोजी, मी प-प-पाटावरून उतरून पाय ओल्या..."

"ओल्या जमिनीवर ठेवतो," बाबांनीच पुरं केलं, "म्हणजे वीज तुझ्या अंगातून जाईल आणि गुरगुर थांबेल. थांबेल खरी. तूपण थांबशील. तू नवरदेव आहेस, अर्थिंग नव्हेस. गप बस पाटावर."

मुलीचे वडील पुढे आले. बनियन, खांद्यावर रुमाल, आवाज दर्यावर कमावलेला. "काय पायजे तुमाला? बोला नुसतं."

मी म्हटलं, "मोठं लोखंड पाहिजे, आणि ते पुरायला खारी ओली जमीन. नेहमी आम्ही मीठ घालतो, पाणी घालतो..."

ते मोठ्याने हसायला लागले. "मीठ नि पानी? अगं पोरी, अख्खा दर्या दारात हाय आमच्या! नि लोखंड म्हनशील तर..." त्यांनी वळून मुलांना हाक मारली. "जा रे, आपल्या होडीचा नांगर काढून आना!"

दोघं भाऊ गुडघाभर चिखलातून धावत गेले आणि कलंडलेल्या होडीचा नांगर खांद्यावर घेऊन आले. अंगणाच्या कडेला, जिथे खाडीचा चिखल सुरू होतो, तिथे तो दाबून पुरला. बाबांनी त्याचा गंज खरवडून तार घट्ट आवळली आणि ती सांगाड्याला आणून जोडली. टेस्टर लावून बघितलं, पुन्हा बघितलं, मग मान हलवली. मेन चालू झाला. मामाने दोन सूर वाजवले आणि दांडी उचलली.

मांडवात कोणी खोकलंसुद्धा नाही. पेटी गप्प. दूरवर खाडीत एक बगळा ओरडला. मामाने तो थांबा हवा तेवढा लांबवला, आणि मग पुढचा सूर असा काही लावला की ओट्यावरच्या म्हाताऱ्या पुढे सरकून बसल्या. त्याला वाजवताना मी कितीदा ऐकलं होतं, पण त्या दिवसासारखं नाही. सिनेमातल्या चाली झाल्या, होडी वल्हवतानाची त्यांची गाणी झाली. एका म्हातारीने आपल्या लग्नातली चाल गुणगुणून दाखवली, ती त्याने ऐकून लगेच वाजवली तेव्हा तिने डोळ्याला पदर लावला. "आनि एक, आनि एक" चाललंच होतं. मुलीचे वडील मांडी ठोकून ताल धरत होते. आम्ही सगळे मामाकडे तोंड करून, खाडीकडे पाठ करून बसलेलो, आणि ओट्यावरच्यांचे डोळेही त्याच्याच हातांवर. कधी चार वाजले, कधी ऊन उतरलं, कळलं नाही. मी मधूनमधून मुलीकडे बघत होते. ती सुरांपेक्षा मामाच्या थांब्यांत जास्त लक्ष देऊन ऐकतेय असं मला वाटलं.

आणि एका चालीच्या मधेच मामाने दांडी खाली ठेवली. हात थांबवले. मान वर केली, थेट समोर बघितलं आणि म्हणाला, "म-म-मला..."

सगळा मांडव कानात प्राण आणून बसला. "मला..." मामाचे ओठ जुळले, कपाळावर शीर उठली. आईला राहवेना. ती पुढे सरसावली, "त्याला म्हणायचंय की मुलगी..." मुलीचे वडील रुमाल झटकून उठायला लागले, "कळलं, कळलं! पसंत हाय! आरं, साखर आना..." माझ्याही तोंडात तेच वाक्य तयार होतं, खोटं कशाला सांगू.

"थांबा," ओट्यावरून आवाज आला.

मुलीने हात वर केला होता. दवाखान्यात गर्दी करणाऱ्या नातेवाइकांना थोपवताना करतात तसा. "कुनी बोलू नका. त्यांचं त्यांना बोलू द्या."

आई अर्धवट उठलेली तशीच राहिली. वडील रुमाल हातात धरून उभे. पेटी गप्प, माणसं गप्प. मामाने तिच्याकडे बघितलं. असं कोणी आपल्यासाठी थांबेल यावर त्याचा विश्वास बसत नसावा. त्याने एकदा श्वास घेतला, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, वाक्य शेवटपर्यंत नेलं.

"मला... वाटतं... तुमची होडी... चालली."

आम्ही गर्रकन मागे वळलो. भरती लागली होती. खाडी काठापर्यंत भरली होती, आणि मघाशी चिखलात कलंडलेली ती होडी आता ऐटीत सरळ होऊन, नांगर नाही की काही नाही, पाण्याबरोबर हळूहळू आत निघाली होती. नांगर आमच्या गिटारला बांधलेला! जन्मभर भरती-ओहोटी बोटांवर मोजणारा तो माणूस गाणं ऐकत बसला होता आणि आपल्याच दारातली भरती विसरला होता.

मग जी पळापळ झाली! दोघं भाऊ लुंग्या खोचून पाण्यात, मागून वडील, त्यांच्यामागून अर्धं गाव. बाबा तेवढ्यात "आधी मेन बंद करा, मेन!" असं ओरडत होते. मी धावत जाऊन स्विच पाडला. मामा पाटावरून उठला, पायजमा वर केला आणि तोही पाण्यात शिरला. माझं आजोळही खाडीकाठचंच, होडीत वाढलेला माणूस तो. दोरी पहिल्यांदा त्याच्याच हाताला लागली. होडी ओढून काठाला आणली तेव्हा तो छातीपर्यंत भिजला होता, आणि दाढीला नवीन ब्लेड वापरल्याचं काही चीज झालं नव्हतं. मुलीचे वडील हसून हसून वाळूत बसले. "नांगर नेला माझा जावयानं," ते म्हणत होते, "आनि होडी परत आनली!"

"जावई कोनी ठरवला?" मुलगी म्हणाली. तिने आतून पंचा आणून मामाच्या हातात दिला होता. मग ती वडिलांकडे न बघता मामाकडेच बघून म्हणाली, "मला पसंत हाय. तुमी काय ते तुमचं सांगा. सावकाश सांगा."

मामाने पंचा तोंडावरून खाली घेतला. ओठ जुळवले. आईने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता, बाबा तारेचं वेटोळं करता करता थांबले होते, आणि मी माझी जीभ दातांत घट्ट धरली होती. खूप वेळ लागला. अगदी खूप. पण तो शब्द त्याचा त्यानेच म्हटला.

लग्न पावसाळ्याआधी झालं. त्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीला दोघं आमच्याकडे आली आणि नवी मामी मामाबरोबर वाण्याकडे गेली. मीही पिशवी घेऊन मागे होते. मामा म्हणाला, "मला जरा..." आणि वाण्याचा हात सवयीने रव्याच्या पोत्याकडे वळला. मामीने काउंटरवर आपला तळहात उभा केला. वाणी थांबला, मागची गिऱ्हाइकं थांबली, मी थांबले. त्या रात्री आमच्या घरी तूरडाळीचं वरण झालं.